चोरीची तुळई

घरातलं भांडण फार ताणलं गेलं की कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं, ‘जाऊ द्या आता, झालं गेलं गंगेला मिळालं.’ या एका वाक्याने आपल्याकडची कितीतरी घरं सांधली असतील. मात्र ते कोण म्हणतं, याला महत्त्व आहे. ज्याचं नुकसान झालं त्याने म्हटलं तर ती क्षमा. नुकसान करणाराच म्हणू लागला, तर त्याने समोरच्याचं तोंड बंद केलं, एवढाच त्याचा अर्थ.

ज्यू धर्मातही पापं पाण्यात सोडायची एक रीत आहे. तिला ताश्लिख म्हणतात. तिश्री महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रोश हशानाला, नवं वर्ष सुरू होतं. त्या दिवशी दुपारी लोक नदीवर, तळ्यावर किंवा समुद्रकिनारी जातात, मीखा संदेष्ट्याचं ‘तू त्यांची सर्व पापं समुद्राच्या तळाशी टाकशील’ हे वचन म्हणतात आणि कपड्यांची टोकं, खिसे पाण्याकडे झटकतात. काही जण पावाचे तुकडेही टाकतात. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचे जर्मनीतले रब्बी (धर्मगुरू) याकोब मोलिन यांच्या परंपरेत या रीतीचा जुना उल्लेख सापडतो, आणि सणाच्या दिवशी माशांना खायला टाकायला त्यांनी तेव्हाच हरकत घेतली होती. ही हरकत मला फार आवडते. पाप कुठे बुडवायचं याचा विचार करताना त्यांनी पाण्यातल्या माशांकडेही पाहिलं, मग त्यांचं कारण धर्मनियमाचं का असेना.

ताश्लिखचं चित्र देखणं आहे, म्हणून छायाचित्रांत तेच दिसतं. पण रोश हशानापासून योम किप्पूरपर्यंतच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंतच्या दहा दिवसांत जे खरं काम असतं, त्याचं छायाचित्र निघत नाही. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहातल्या ‘योमा’ या भागात नियम स्वच्छ सांगितला आहे: माणूस आणि देव यांच्यातल्या पापांचं प्रायश्चित्त योम किप्पूरला होतं, माणसामाणसातल्या पापांचं होत नाही, जोवर दुखावलेल्या माणसाची समजूत काढली जात नाही तोवर. म्हणजे शेजाऱ्याचं घेतलेलं देवापुढे रडून फिटत नाही. आधी शेजाऱ्याचं दार.

दारावरून आठवलं. अलिबागच्या इस्राएल आळीत बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) आहे. जुनी माणसं त्याला मशीदच म्हणत. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेल्या पूर्वजांची कथा सांगणारा, तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवला जाणारा हा समाज शतकानुशतकं कुलाबा जिल्ह्यात मराठी बोलत राहिला. हिब्रू नावं विसरली गेली तेव्हा त्यांनी सणांना आपली नावं दिली. रोश हशाना झाला नवा सण आणि योम किप्पूर झाला दारफळणीचा सण, म्हणजे दारं लावून घ्यायचा सण. पांढरे कपडे घालून, उपास धरून, दार बंद करून दिवसभर आत बसायचं. दुसऱ्या दिवशी शिळा सण: दारं उघडायची, दानधर्म करायचा, गाठीभेटी घ्यायच्या. आमच्या ओळखीच्या एका आजींनी त्यांच्या आजीच्या तोंडचं मला सांगितलं होतं, ‘भांडण मिटवायचं ते दार लावायच्या आधी, बाळा. दार लावल्यावर मग देवाशी बोलायचं.’ त्या आजींनी मिश्ना वाचलेली नव्हती. योम किप्पूरच्या संध्याकाळच्या शेवटच्या प्रार्थनेचं नाव नेइला, म्हणजे दारं मिटण्याची वेळ. ते नावही त्यांच्या आजीला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी नियम जसाच्या तसा कोकणात पोचला होता.

मराठीत या सगळ्याला आपण पश्चात्ताप म्हणतो. शब्द फोडला तर नंतरचा ताप: जळणं, पोळणं, मनाला लागून राहणं. हिब्रू शब्द तशुवा ‘शुव’ या धातूपासून येतो. शुव म्हणजे परतणं, माघारी फिरणं. तापायचं की नाही, यावर तो शब्द काहीच बोलत नाही. तो पायांविषयी बोलतो. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये बसून मैमोनिडीज या ज्यू पंडिताने तशुवेचे नियम लिहिले, त्यात खेद आहे, कबुली आहे, पुन्हा न करण्याचा निश्चय आहे. पण पूर्ण तशुवा कोणती, याची त्याने दिलेली कसोटी कृतीची आहे. तीच संधी पुन्हा समोर आली, अंगात तेवढंच बळ आहे, आणि तरी माणूस ते करत नाही, तर तो परतला.

या दिवसांवर जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यात निसर्ग हटकून येतो. येणारच. इस्राएलमध्ये तिश्रीच्या आधीचा एलूल महिना म्हणजे कोरड्या उन्हाळ्याचा शेवट. मेपासून पाऊस नाही, टेकड्या पिवळ्या पडलेल्या, माती तडकलेली. अशा मातीतून एकही पान नसताना हातभर, कधी माणसाच्या छातीइतका उंच पांढऱ्या फुलांचा दांडा सरळ वर येतो. हा हत्साव, आपल्या कोकणातल्या रानकांद्याचा भाऊबंद. खाली मुठीपेक्षा मोठा विषारी कांदा, शेळ्याही तोंड लावत नाहीत. फुलं खालून वर एकेक ओळ उमलत जातात आणि पानं येतात ती पहिला पाऊस पडून गेल्यावर. तो दिसला की नवं वर्ष जवळ आलं, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही कळतं. मग प्रवचन ठरलेलं: बघा, मेलेल्या मातीतूनही नवं उगवतं, तसं आपलं मनही.

मला हे प्रवचन पटत नाही. हत्सावला परतावं लागत नाही. त्याने काही चुकवलेलं नाही. त्याच्या कांद्यात अन्न साठलेलं आहे आणि ऋतू आला की तो फुलतो. त्याच्याकडे बघून आपल्याला जे बरं वाटतं ते फुकटचं असतं. ताल्मूदला, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथाला, हा हत्साव वेगळ्याच कामासाठी आठवतो. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याने इस्राएलाच्या वंशावंशांना जमिनी वाटून दिल्या तेव्हा सीमा आखायला त्याने हत्साव लावला, कारण त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात. कुणी बांध कोरला, शेजाऱ्याची जमीन आत घेतली, तर हत्साव जागच्या जागी उभा असतो. तो जमिनीच्या चोरीचा साक्षीदार आहे. सणाच्या दिवसांत फुलणाऱ्या या रोपाचा हा अर्थ मला जास्त खरा वाटतो. निसर्गाला आरसा समजून आपण त्यात स्वतःचं मन बघत बसतो. तो फिर्यादी म्हणून उभा आहे, असं मानलं तर प्रश्न बदलतो: घेतलं काय, आणि परत काय केलं?

आणि परत देण्याचा विचार ज्यू परंपरेने जितक्या बारकाईने केला आहे तितका मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे. ताल्मूदमधला ‘तानीत’ हा भाग पाऊस न पडल्याच्या उपासांचा आहे. आपल्याकडे धोंडी काढतात, तिथे पवित्र ग्रंथांची पेटी गावच्या चौकात आणून तिच्यावर आणि डोक्यावर राख टाकत. मग गावातला सर्वांत वडील माणूस उभा राहून लोकांना सांगे, ‘बंधूंनो, निनवेच्या लोकांबद्दल असं लिहिलेलं नाही की देवाने त्यांचं गोणपाट आणि उपास पाहिले. देवाने त्यांची कृत्यं पाहिली, की ते आपल्या वाईट वाटेवरून फिरले.’ निनवे शहराची ही गोष्ट, म्हणजे बायबलमधलं योनाचं पुस्तक, योम किप्पूरच्या दुपारी वाचतात. त्या शहराच्या राजाने माणसांबरोबर गुराढोरांनाही उपास घडवला होता आणि त्यांच्या अंगावरही गोणपाट घातलं होतं. जनावरांनी कसलं पाप केलं होतं, हा प्रश्न वाचताना मनात राहतोच.

त्याच पानावर पुढे शमुएल नावाच्या पंडिताचं म्हणणं दिलं आहे. निनवेचे लोक ‘आपल्या हातातल्या जुलमापासून’ फिरले म्हणजे काय? तर कुणी तुळई चोरून ती आपल्या वाड्यात बसवली असेल, तर त्याने अख्खा वाडा पाडला आणि तुळई मालकाला नेऊन दिली. याच पानावर आणखी एक उपमा आहे: हातात अशुद्ध सरपटणारं जनावर धरून स्नानाला उतरणारा माणूस. जगातलं सगळं पाणी अंगावर घेतलं तरी तो शुद्ध होत नाही. हातातलं टाकलं की थोडंसं पाणीही पुरतं.

तुळईचा वाद मात्र इतक्यावर संपत नाही. शम्माई या जुन्या गुरूच्या पंथाचं मत शमुएलसारखंच कडक होतं: घर पाडा, तुळई द्या. हिलेल या दुसऱ्या गुरूच्या पंथाने वेगळा निवाडा दिला: तुळईची किंमत द्या, घर राहू द्या. कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. घर पाडायला लागणार असेल तर परतायला कुणी तयारच होणार नाही. परतणाऱ्यांची वाट मोकळी राहावी म्हणून केलेली ही सोय, आणि मिश्नात तीच टिकली. मी स्वतः आयुष्यभर हिलेलच्या बाजूचा आहे. माणसाला सुधारायचं असेल तर त्याला उभं राहायला छप्पर हवं. पण ही सवलत वापरताना एक गोष्ट आपण विसरतो. किंमत घेणारा मालक समोर हजर असतो आणि पैसे त्याच्या हातात पडतात. रान तोडून दुसरीकडे रोपं लावली, खाडी बुजवून भरपाईचा निधी भरला, की आपण हिलेलचाच निवाडा लावत असतो. ते पैसे कुणाच्या हातात पडले? तुळईच्या मालकाच्या हातात तर नक्कीच नाहीत.

इस्राएलमध्ये, याच परंपरेच्या माणसांनी केलेलं एक उदाहरण आहे, म्हणून ते सांगतो. गालील समुद्राच्या (खरं तर हे गोड्या पाण्याचं सरोवर) उत्तरेला यार्देन (जॉर्डन) नदीच्या वाटेवर हुला नावाचं खोरं आहे. तिथे सुमारे १४ चौरस किलोमीटरचं उथळ तळं होतं, आणि त्याच्या उत्तरेला त्याहून मोठी दलदल, पपायरसच्या लव्हाळ्याने भरलेली. १९५१ ते १९५८ या काळात ज्यू राष्ट्रीय निधी या संस्थेने ती सगळी कोरडी केली. नदीचं पात्र खोल केलं, कालवे खणले. नव्या राष्ट्राला शेतजमीन हवी होती. मलेरियाची आठवणही ताजी होती. १८८३ साली तिथे वसलेल्या येसूद हामाला या वसाहतीने त्या तापात पुष्कळ माणसं गमावली होती. ते काम करणाऱ्यांना आपण पाप करतो आहोत असं वाटत नव्हतं. त्यांना ते पुण्यच वाटत होतं. मात्र निचरा सुरू झाला तोवर डीडीटीच्या फवारणीने मलेरिया बराच आटोक्यात आला होता, आणि प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक तेव्हाच सांगत होते की असं करू नका. त्यांच्या विरोधातूनच १९५३ साली इस्राएलची निसर्गरक्षण संस्था उभी राहिली. तिने झगडून एक छोटा तुकडा वाचवला आणि १९६४ साली तो देशातलं पहिलं राखीव निसर्गक्षेत्र ठरला.

उरलेल्या जमिनीचं काय झालं? दलदलीखाली हजारो वर्षं कुजत साठलेली काळी पीट माती होती. पाणी उतरल्यावर ती वाळली, खचली आणि आतून पेटू लागली. जमिनीखालची आग वरून पाणी मारून विझत नाही. वारा सुटला की काळी धूळ उडे. पूर्वी दलदल जे गाळून ठेवत होती ते नायट्रेट आता यार्देनमधून थेट गालील समुद्रात, म्हणजे देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या एका मोठ्या साठ्यात जाऊ लागलं. फक्त हुलातच राहणारी माशाची एक जात कायमची गेली. काळ्या पोटाचा, त्यावर पांढरे ठिपके असलेला हुलाचा रंगीत बेडूकही दिसेनासा झाला. १९९६ साली तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

मग १९९४ साली त्यांनी पाणी परत सोडलं. ज्या निधीने निचरा केला होता तोच पुनर्भरणाच्या कामातही होता, आणि हे मला लहान वाटत नाही. जगभरातली सरकारं धरणं, रस्ते, कारखाने उभारतात. त्यातलं एखादं आम्ही चुकीचं केलं असं म्हणून स्वतःच्या हाताने उलटं फिरवणारी किती? अगमोन नावाचं हे नवं तळं जेमतेम एक चौरस किलोमीटरचं आहे. तरी पक्षी आले. आज हिवाळ्यात हजारो क्रौंच तिथे उतरतात. पहाटे ते एकदम उठतात तेव्हा आवाजाने कानठळ्या बसतात, असं पाहून आलेले सांगतात. क्रौंच शेजारच्या शेतांतला भुईमूग उकरू लागले, तेव्हा ट्रॅक्टरने मका टाकून त्यांना शेतांपासून दूर ठेवण्याची व्यवस्था झाली. आणि २०११ साली राखीव क्षेत्रात फिरणाऱ्या एका वनरक्षकाला चिखलात एक बेडूक सापडला. त्याने तो उलटा केला. काळं पोट, पांढरे ठिपके.

एवढं झालं म्हणून हुलाची तशुवा पुरी झाली असं म्हणता येईल का? माझ्या मते नाही. १४ चौरस किलोमीटरच्या तळ्याच्या जागी एक. हिलेलच्या निवाड्याप्रमाणे हे ठीक आहे: तिथल्या कास्तकारांना ती जमीन सरकारनेच दिली होती, त्यांची घरं पाडून सगळं पुन्हा बुडवा असं मी म्हणणार नाही. पण मग किंमत दिली आहे, तुळई अजून आपल्या घरातच आहे, हे मोकळेपणाने म्हणावं. दाट गर्दीत दाणा खायची सवय लावलेल्या क्रौंचांमध्ये २०२१च्या डिसेंबरात बर्ड फ्लू शिरला आणि पाच हजारांहून जास्त पक्षी पाण्यात मरून पडले, तेव्हा त्या एका चौरस किलोमीटरवर आपण किती भार टाकला आहे ते दिसलंच.

लोक म्हणतील, सरकार कसली तशुवा करणार, ती तर मनाची गोष्ट. इथे परंपरा पुन्हा वेगळं बोलते. योम किप्पूरची कबुली अनेकवचनात आहे. ‘आशाम्नू, आम्ही अपराध केला’ इथून हिब्रू वर्णमालेच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळी पापं ‘आम्ही’ म्हणून मोजायची, मी ते केलं असो वा नसो. मिश्नाचा होरायोत हा भाग मुख्यतः न्यायमंडळाने चुकीचा निर्णय दिला आणि लोकांनी त्याप्रमाणे वागून पाप केलं तर काय, यावर आहे. बायबलच्या लेवीय ग्रंथात राज्यकर्त्याकडून अजाणता चूक झाली तर त्याने काय अर्पण आणावं ते सांगितलं आहे. त्यावर पहिल्या शतकातले रब्बी योहानान बेन झक्काई म्हणतात, ज्या पिढीचा राज्यकर्ता आपल्या नकळत झालेल्या चुकीसाठीही अर्पण आणतो, ती पिढी धन्य. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी सार्वजनिक चुकीच्या कबुलीचे नियम लिहून ठेवले, त्यांच्या वारसांकडून मी जास्त मागतो, ते याच कारणाने.

मृत समुद्राकडे पाहिलं की हे मागणं किती तातडीचं आहे ते कळतं. यार्देनचं पाणी इस्राएल, जॉर्डन आणि सीरिया तिघांनीही वळवलं, दक्षिणेकडे खनिजांसाठी पाणी आटवलं जातं, आणि समुद्राची पातळी दर वर्षी एक मीटरहून जास्त उतरते आहे. किनाऱ्याखालचे मिठाचे थर गोड पाण्यात विरघळून जमिनीत हजारो खड्डे पडले आहेत. एन गेदीचा किनारा त्यामुळे बंद करावा लागला. इथे अजून कुणी तुळई आपल्या घरात आहे हेदेखील कबूल करत नाही.

आणि हुलाची एक गोष्ट राहिली. ती सांगितल्याशिवाय थांबलो, तर मीही सरपटणारं जनावर हातात धरून स्नानाला उतरलो असं होईल. ती दलदल रिकामी नव्हती. गवारना नावाचे अरब लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत, म्हशी पाळत आणि पपायरसच्या चटया विणत. त्या चटयांचीच घरं असत, अंथरूणही तेच. १९४८च्या युद्धात त्यांच्यातले बहुतेक निर्वासित होऊन सीरिया आणि लेबनॉनमध्ये गेले. मिश्नाचा सुरुवातीला सांगितलेला नियम पुन्हा वाचला की कळतं, माणूस आणि निसर्ग यांच्यातलं फेडायला सोपं असतं, कारण क्रौंच जुनं काही विचारत नाहीत. ज्याची समजूत काढायची तो माणूस सीमेपलीकडे छावणीत आहे. त्याला तुळईही मिळाली नाही आणि तिची किंमतही नाही. हुलाच्या राखीव क्षेत्रात आज पपायरस पुन्हा दाट झाला आहे. लाकडी पुलावरून चालताना दोन्ही बाजूंना डोक्यावर जाईल इतका वाढलेला दिसतो, आणि पाण्यात म्हशी चरत असतात.